परदेशात कोणत्या नोटा द्यायच्या: डॉलर-युरो की तिथलं चलन?

परदेशी निघालेले बरेचजण डॉलरची गड्डी घेऊन निघतात, कारण ‘डॉलर सगळीकडे चालतो’ असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. चालतो, हे खरं. पण कोणत्या दराने चालणार, हे समोरचा दुकानदार ठरवतो. काहीजण उलट करतात आणि विमानतळावर उतरल्या उतरल्या पहिल्याच खिडकीत सगळे पैसे बदलून मोकळे होतात. आणखी काहीजण कार्ड मशीनवर आपल्या देशाचं चलन निवडतात, कारण तो आकडा ओळखीचा वाटतो. तिन्ही ठिकाणी पैसे जातात आणि बहुतेकांना ते गेल्याचं कळतही नाही, कारण पावतीवर ‘तोटा’ असा रकाना नसतो.

माझा नियम सरळ आहे. भाव ज्या चलनात लिहिलाय, त्याच चलनात पैसे द्या. चलन बदलायचं काम दुकानाच्या गल्ल्यावर करू नका. ते आधीच, दर बघून, तुम्ही निवडलेल्या जागी उरका. याला अपवाद आहेत, ते पुढे येतीलच. टप्पे मात्र दिलेल्या क्रमानेच घ्या. निम्म्या चुका क्रम उलटा केल्यामुळेच होतात.

टप्पा १: त्या देशात नेमकं काय चालतं ते आधी शोधा

तिकीट काढल्यावर पहिलं काम हेच. या बाबतीत देशांचे ढोबळ चार प्रकार पडतात.

पहिला प्रकार म्हणजे ज्यांचं अधिकृत चलनच डॉलर किंवा युरो आहे असे देश. इक्वाडोर, एल साल्वाडोर, पूर्व तिमोर इथे अमेरिकी डॉलर चालतो. पनामात बाल्बोआ नावाला आहे. त्याची नाणी वापरात असली तरी नोटा डॉलरच्याच. माँटेनेग्रो आणि कोसोव्हो युरोपीय संघात नाहीत, तरी तिथे युरो वापरतात. अशा ठिकाणी नोटा बदलायचा प्रश्नच येत नाही.

दुसऱ्या प्रकारात दोन चलनं शेजारी शेजारी चालतात. कंबोडिया हे ठळक उदाहरण. तिथे डॉलर सर्रास घेतात आणि डॉलरखालची मोड रिएलमध्ये परत देतात. इथे डॉलर नेणं सोयीचं, पण रिक्षा, बाजार, छोटी दुकानं यांच्यासाठी रिएल जवळ असलेले बरे.

तिसऱ्या प्रकारात विदेशी नोट घेतात, पण उपकार केल्यासारखी. स्वित्झर्लंडमध्ये बऱ्याच दुकानांत युरोच्या नोटा चालतात, पण उरलेले पैसे फ्रँकमध्ये मिळतात आणि दर दुकानाचा असतो. पर्यटनावर चालणाऱ्या बहुतेक गावांत हेच दिसतं.

चौथ्या प्रकारात स्थानिक चलनाशिवाय व्यवहार करायला कायद्यानेच मनाई असते. इंडोनेशियाने २०१५ पासून देशातले व्यवहार रुपियातच करणं बंधनकारक केलं आहे. व्हिएतनाममध्येही भाव डाँगमध्येच लावण्याचा नियम आहे. तिथे कुणी डॉलर घ्यायला तयार झाला, तरी तुम्ही कशाला आग्रह धरायचा?

याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट बघून ठेवा: त्या देशाचं चलन देशाबाहेर मिळतं का? ट्युनिशियाचा दिनार देशात आणायलाही बंदी आहे आणि बाहेर न्यायलाही. अशा देशासाठी ‘घरूनच स्थानिक नोटा घेऊन जाऊ’ हा बेत बसत नाही. तिथे मोठ्या चलनाच्या नोटा नेणं आणि पोचल्यावर बदलणं, किंवा तिथल्या एटीएममधून काढणं, हेच मार्ग उरतात.

> इशारा: ‘युरोप म्हणजे युरो’ हे गृहीत धरू नका. स्वित्झर्लंड, झेकिया, हंगेरी, पोलंड, डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, ब्रिटन यांची चलनं वेगळी आहेत. क्रोएशियाने मात्र १ जानेवारी २०२३ पासून युरो स्वीकारला, म्हणजे जुन्या माहितीवर तिथलं आधीचं चलन, कुना, शोधत बसाल तर फसाल.

टप्पा २: रोख किती, कार्ड किती, याचा हिशेब कागदावर मांडा

प्रवासातला प्रत्येक मोठा खर्च लिहा आणि त्याच्यापुढे ‘कार्ड’, ‘तिथली रोख’ किंवा ‘डॉलर-युरो रोख’ असं लिहा. हॉटेल, मोठं दुकान, रेल्वेचं तिकीट हे बहुतेक ठिकाणी कार्डात जातं. बाजार, लहान खानावळ, गावातली बस, बक्षिसी हे तिथल्या रोखीत. तिसऱ्या रकान्यात फार थोडं उरतं, आणि तेच या कागदाचं खरं काम: आपल्याला प्रत्यक्षात किती डॉलर लागणार ते कळणं.

त्या तिसऱ्या रकान्यात सहसा विमानतळावरच्या व्हिसाचं शुल्क येतं (कंबोडिया आणि टांझानियात ते डॉलरमध्ये घेतात), काही सहलींचं शुल्क येतं आणि अडचणीसाठीचा राखीव पैसा येतो. राखीव पैसा नेहमी मोठ्या चलनातच ठेवा. कार्ड हरवलं, मशीन बंद पडली, तर डॉलर किंवा युरो कुठल्याही शहरात बदलता येतो. लहान देशाच्या नोटा शेजारच्या देशातही कुणी घेत नाही.

रोख नेलीच पाहिजे असंही नाही. स्वीडनमध्ये अनेक दुकानं रोख स्वीकारतच नाहीत. तिथे पाकीटभर नोटा घेऊन गेलात तर त्या तशाच परत आणाल.

टप्पा ३: नोटा निवडून घ्या

हा टप्पा लोक साफ विसरतात. मनी चेंजरने दिलेली गड्डी मोजून खिशात घालतात आणि नोटांची तब्येत बघतच नाहीत. मग परदेशातल्या खिडकीवर एक नोट परत येते, दुसरी परत येते, आणि रांगेत उभं राहून घाम फुटतो.

अमेरिका स्वतःच्या जुन्या नोटा अवैध ठरवत नाही. १८६१ पासूनच्या सगळ्या नोटा तिथे कायदेशीर आहेत. पण अमेरिकेबाहेरच्या मनी चेंजरला याच्याशी देणंघेणं नसतं. पूर्व आफ्रिकेत बऱ्याच वर्षांपूर्वीच्या मालिकेच्या नोटा नाकारणं नेहमीचं आहे. कंबोडियात कोपऱ्यावर बारीकशी फाट असली तरी नोट परत करतात. म्हणून घरूनच अशा नोटा मागून घ्या:

- करकरीत, न फाटलेल्या, ज्यांच्यावर शाई, शिक्का किंवा चिकटपट्टी नाही अशा;
- शंभराची नोट असेल तर २०१३ पासून चलनात आलेली, निळ्या पट्टीची;
- बदलायला मोठ्या (५० आणि १००), आणि थेट द्यायला १, ५, १० च्या थोड्या.

मोठ्या-लहान नोटांचं हे गणित महत्त्वाचं आहे. अनेक मनी चेंजर १०० च्या नोटेला चांगला दर देतात आणि १० किंवा २० च्या नोटेला कमी. उलट थेट पैसे द्यायचे असतील तर १०० ची नोट त्रासदायक. मोड नसते, आणि मिळाली तर स्थानिक चलनात, दुकानदाराच्या दराने. युरोमध्ये ५०० ची नोट घेऊच नका. ती नव्याने चलनात आणणं २०१९ मध्ये थांबलं. नोट अजून वैध आहे, पण दुकानं ती घ्यायला नकार देतात.

ब्रिटिश पौंड घेताना आणखी एक गोष्ट. २० आणि ५० पौंडांच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर व्यवहारातून बाद झाल्या. कुणी नातेवाइकाने जुन्या नोटा प्रेमाने दिल्या असतील तर त्या दुकानात चालणार नाहीत. बँक ऑफ इंग्लंड मात्र त्या बदलून देते. स्कॉटलंडच्या बँकांनी काढलेल्या नोटाही ब्रिटनमध्येच खर्च करून या. बाहेर त्या बदलताना डोकेदुखी होते.

> तपासणी: मनी चेंजरच्या काउंटरवरून हलण्याआधी प्रत्येक नोट दोन्ही बाजूंनी बघितली का? पावती घेतली का? नसेल तर तिथेच थांबा. दारातून बाहेर पडल्यावर नोट बदलून मागायला काही अर्थ राहत नाही.

एकूण रक्कम मोठी असेल तर ती जाहीर करावी लागते. अमेरिकेत १०,००० डॉलरपेक्षा जास्त आणि युरोपीय संघाच्या हद्दीत शिरताना वा बाहेर पडताना १०,००० युरो किंवा त्याहून जास्त रोख असेल, तर अर्ज भरावा लागतो. जास्त पैसे नेणं हा गुन्हा नाही. न सांगता नेणं हा गुन्हा आहे.

टप्पा ४: दराचा फलक वाचायला शिका

सगळ्यात जास्त पैसे इथे जातात, म्हणून इथे सावकाश.

फलकावर दोन आकडे असतात: खरेदी आणि विक्री. ही खरेदी-विक्री मनी चेंजरच्या बाजूने असते. तो तुमच्याकडून डॉलर खरेदी करतो तो दर कमी. तुम्हाला विकतो तो दर जास्त. तुम्ही डॉलर देऊन स्थानिक चलन घेणार असाल, तर तुमचा दर ‘खरेदी’चा. कितीतरी लोक मोठा आकडा बघून खूश होतात आणि नोटा हातात आल्यावर गोंधळतात.

आता एक हिशेब करू. समजा बाजारातला मधला दर (खरेदी आणि विक्री यांच्या मधोमध असतो तो) १ डॉलरला १०० स्थानिक एकक आहे. फलकावर खरेदी ९७ आणि विक्री १०३. म्हणजे एका वेळच्या बदलात साधारण ३ टक्के गेले. तुम्ही १,००० डॉलरचे ९७,००० घेतले आणि काहीच खर्च न करता तेच परत विकले, तर १०३ च्या दराने हाती येतील साधारण ९४२ डॉलर. ५८ डॉलर फक्त जाण्या-येण्यात गेले. म्हणून जितके लागतील तितकेच बदला. ‘जास्त झाले तर परत बदलून घेऊ’ हा विचार महागात पडतो.

याच गणितातून दुहेरी बदलाचा तोटाही कळतो. आपल्या चलनातून डॉलर, डॉलरमधून स्थानिक चलन: दोनदा बदल, दोनदा कपात. तिथल्या एटीएममधून स्वतःच्या खात्यातून थेट स्थानिक चलन काढलं तर बदल एकदाच होतो. एटीएम सहज मिळत असेल आणि तुमच्या बँकेचं शुल्क माफक असेल, तर दैनंदिन खर्चासाठी एटीएम आणि राखीव म्हणून थोडे डॉलर, ही विभागणी मला सगळ्यात पटते. जिथे एटीएम विरळ आहेत, विदेशी कार्ड चालत नाही किंवा मशीनचं शुल्क फार आहे, तिथे डॉलर नेऊन बदलण्याला पर्याय नाही. तेव्हा दुहेरी कपात मान्य करा, पण निदान दुसरा बदल चांगल्या खिडकीत करा.

चांगली खिडकी ओळखायला एकच प्रश्न पुरतो: “मी १०० डॉलर दिले तर सगळं वजा करून माझ्या हातात किती पडतील?” ‘कमिशन नाही’ या पाटीला भुलू नका. कमिशन नसेल तर दरात भर घातलेली असते. शिवाय काही फलकांवर ठळक दर फक्त मोठ्या रकमेसाठी असतो आणि तशी टीप खाली बारीक अक्षरात असते. हातात पडणारी रक्कम विचारली की या सगळ्याचं उत्तर एका आकड्यात मिळतं. तो आकडा फोनवर बघितलेल्या मधल्या दराशी ताडून पाहा.

> इशारा: रस्त्यावर हाक मारून जास्त दर सांगणाऱ्याकडे जाऊ नका. खोट्या नोटा, बाद झालेल्या नोटा, मोजताना हातचलाखी, असे धोके आहेतच; अनेक देशांत अशी अदलाबदल बेकायदाही असते.

टप्पा ५: उतरल्यावर पहिल्या तासात

विमानतळावरची खिडकी सहसा महाग असते, पण म्हणून रिकाम्या हाताने शहरात जाऊ नका. टॅक्सी किंवा बस, पाणी आणि एका जेवणापुरतं बदला किंवा एटीएममधून काढा. बाकीचं शहरात, दोन-तीन खिडक्या बघून.

नोटा हातात आल्या की पाच मिनिटं बाजूला बसा आणि त्या ओळखून घ्या. व्हिएतनाममध्ये २०,००० आणि ५,००,००० डाँगच्या दोन्ही नोटा निळसर असतात. अंधारात, टॅक्सीतून उतरताना, पंचवीसपट पैसे देऊन बसलेले प्रवासी कमी नाहीत. मी मोठ्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवायला लागल्यापासून ही धास्ती गेली.

चिन्हांकडेही लक्ष द्या. मेक्सिको, चिली, अर्जेंटिना इथे पेसोलाही डॉलरचंच चिन्ह लावतात. मेनूवर त्या चिन्हापुढे २०० लिहिलेलं असलं, तरी ते पेसो असतात. खात्री नसेल तर ऑर्डर देण्याआधी विचारा.

टप्पा ६: एटीएम आणि कार्ड मशीनवर योग्य बटण

मशीन विचारते: तुमच्या देशाच्या चलनात पैसे घेऊ की इथल्या? इथे नेहमी इथल्या चलनातच असं निवडा. याला अपवाद मला माहीत नाही.

कारण असं. स्थानिक चलन निवडलं की रूपांतर तुमच्या कार्डाच्या जाळ्याच्या, म्हणजे व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या, दराने होतं. तो दर मधल्या दराच्या बराच जवळ असतो आणि त्यांच्या संकेतस्थळावर आधी बघता येतो. आपलं चलन निवडलं की रूपांतर दुकानाची किंवा एटीएमची सेवा देणारी कंपनी करते, स्वतःच्या दराने, स्वतःची भर घालून. वर तुमची बँक विदेशी व्यवहाराचं शुल्क तरीही लावू शकते. म्हणजे दोन्हीकडून चाट.

एटीएमवर हा प्रश्न मुद्दाम गोंधळात टाकेल असा मांडलेला असतो. ‘रूपांतर स्वीकारा’ हे बटण मोठं, हिरवं. ‘नाकारा’ हे बटण लहान, जणू व्यवहारच रद्द होणार. होत नाही. नाकारल्यावर पैसे येतात, फक्त रूपांतर तुमच्या कार्डाच्या जाळ्याच्या दराने होतं. युरोपीय संघात एप्रिल २०२० पासून अशा वेळी युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दरावर किती टक्के भर घातली आहे ते दाखवणं बंधनकारक आहे. तो आकडा वाचा, मग आपोआप ‘नाकारा’ दाबाल.

एका हॉटेलात खोली सोडताना कर्मचाऱ्याने मला न विचारताच माझ्या देशाचं चलन निवडलं आणि मी घाईत पावती न बघता बाहेर पडलो. खात्यावर रक्कम आल्यावर कळलं, तेव्हा फार उशीर झाला होता. तेव्हापासून सही किंवा पिन देण्याआधी मी पडद्यावरचं चलन मोठ्याने वाचतो. निवड तुमचीच असते. चुकीचं चलन लागलं तर तिथल्या तिथे व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा, आणि पावती घेतल्याशिवाय हलू नका. हॉटेलच्या किंवा विमान कंपनीच्या संकेतस्थळावर पैसे भरतानाही हाच प्रश्न दडलेला असतो, तिथेही उत्तर तेच.

एटीएमचं शुल्क अनेकदा दर व्यवहाराला ठरावीक असतं. थायलंडमध्ये विदेशी कार्डावर कितीही रक्कम काढा, शुल्क तेवढंच. समजा शुल्क ५ डॉलर आहे: ५० काढले तर १० टक्के गेले, २५० काढले तर २ टक्के. म्हणून कमी वेळा, जास्त रक्कम काढा. शक्यतो बँकेला लागून असलेलं यंत्र वापरा. कार्ड अडकलं तर आत माणूस असतो. क्रेडिट कार्डावर रोख काढू नका, त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चढतं.

> तपासणी: निघण्याआधी कार्डाचा परदेशी वापर सुरू केला का? दुसरं कार्ड वेगळ्या जागी ठेवलं का? बँकेचं परदेशी व्यवहाराचं शुल्क किती टक्के, ते माहीत आहे का?

टप्पा ७: विदेशी नोट द्यायची वेळ आलीच तर

कधीकधी देणं योग्यही असतं: भावच डॉलरमध्ये लिहिला असेल, किंवा सीमेवर स्थानिक पैसे संपले असतील. अशा वेळी नोट पुढे करण्याआधी तीन गोष्टी ठरवून घ्या: दर काय, मोड कोणत्या चलनात, आणि एकूण किती परत येणार. समजा वस्तू ९०० एककांची आहे. शंभराच्या दराने ती ९ डॉलरची. दुकानदार ‘दहा द्या’ म्हणतो, हिशेब सोपा म्हणून. तो सोपेपणा तुम्हाला ११ टक्के महाग पडला. दहाची नोट देऊन १०० एकक परत मागितलेत तर हिशेब बरोबर बसतो. मोठी नोट देऊन त्याच्या दराने भरपूर स्थानिक मोड घेणं म्हणजे गल्ल्यावर चलन बदलणंच, तेही सगळ्यात वाईट दराने. ते टाळा.

भाव दोन्ही चलनांत लिहिला असेल तर फोनवर भागाकार करा. दहा सेकंद लागतात. जो स्वस्त, त्यात द्या.

टप्पा ८: परतीच्या दोन दिवस आधी

मोजायला तेव्हाच बसा, विमानतळावर नको. आधी नाणी संपवा, कारण मनी चेंजर नाणी घेत नाहीत. मग लहान नोटा. उरलेली रोख हॉटेलच्या बिलात भरा आणि फरक कार्डाने द्या. बहुतेक हॉटेलं असं दोन भागांत बिल घेतात. ज्या देशाचं चलन बाहेर नेता येत नाही, तिथे उरलेले पैसे परत बदलताना मूळ पावती मागू शकतात, म्हणून पहिल्या दिवशीची पावती शेवटपर्यंत सांभाळा. बदलायची खिडकी सुरक्षा तपासणीच्या आधी आहे की नंतर, तेही विचारून ठेवा.

डॉलर किंवा युरो उरले तर ते परत बदलायची घाई करू नका. पुढच्या प्रवासाला कामी येतील, आणि बदलाचा खर्च वाचेल.

घरी आल्यावर महिनाभर खात्याचा उतारा बघत राहा. हॉटेल किंवा भाड्याची गाडी देणारे अनामत म्हणून रक्कम अडवून ठेवतात, ती सुटली का ते बघा. पावत्यांवरच्या स्थानिक रकमा उताऱ्याशी ताडून पाहा. एखादी नोंद जुळली नाही तर बँकेला पावतीसकट लेखी कळवा, आणि तोवर एकही पावती फाडू नका.